धुरपताची उजवी चप्पल

“स्प्रे मारा मामा, आन् उभी करा तिला. रविवारी पळायचंय.”

सर हे शिट्टी दातात धरूनच बोलले. मी स्प्रेला हात लावला नाही. प्रतीक्षा ग्राऊंडच्या कडेला पायरीवर बसली होती, मी तिचा उजवा बूट काढून राहिलो होतो आणि बूट निघत नव्हता. बूट निघत नाही म्हणजे आत पाय फुगलाय. शेवटी सगळी लेस ओढून काढली, बुटाची जीभ वर केली, तेव्हा कुठं टाच सुटली. मोजा उतरवला. बाहेरच्या बाजूचा घोटा दिसायलाच तयार नाही. त्याच्या जागी अंड्याएवढा गोळा, आणि खाली टाचेकडं जांभळं उतरलेलं.

“कालचं हाय हे,” मी म्हणालो.

“आत्ताच मुरगळला मामा, शप्पथ.”

“आत्ताचा पाय जांभळा नसतो. आन् हा तेलाचा वास कुठून येऊन राहिला?”

पोरीनं पाय मागं ओढला.

मी कोण, ते सांगतो. मी सातवी नापास माणूस. लातूरला हाडाच्या दवाखान्यात प्लास्टर रूमला होतो, तिथूनच म्हातारा होऊन बाहेर पडलो. डॉक्टर सांगतील तसं प्लास्टर घालायचं, कापायचं, स्लॅब बांधायचा. स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर. एका बाजूनं घट्ट, दुसऱ्या बाजूनं नुसती पट्टी, सूज आली तर पायाला जागा राहावी म्हणून. पुढं नायगावला घरी आलो. बायको, धुरपता, मागच्या वर्षी गेली. घरात भांडं वाजलं तरी मीच वाजवलेलं. म्हणून नांदेडला या पोलीस भरतीच्या अकॅडमीत आलो. पोरं पळतात, पडतात, मी बांधतो. राहायला खोली दिली आहे. सरांनी खोलीच्या दारावर ‘फिजिओ’ अशी पाटी लावली. मी फिजिओ नाही. दोनदा सांगितलं. पाटी तशीच आहे.

प्रतीक्षा हिमायतनगरकडची. मागच्या भरतीत पळण्याच्या मार्कांत थोडक्यात राहिली. बापाचं नाव किसन, तो गवंडी मिस्त्रीच्या हाताखाली काम करतो. त्यानं तिला सांगूनच पाठवलं होतं, ही एक भरती बघू. ग्राऊंड महिनाभरावर आलं होतं. ग्राऊंड म्हणजे खरी परीक्षा, आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. रविवारची शर्यत ही ग्राऊंड नव्हे. ती नुसती अकॅडमी-अकॅडमीतली होती, नवीन पोरं भरती व्हावीत म्हणून. पण तिच्या बॅनरवर प्रतीक्षाचा फोटो छापून झाला होता.

पाय कसा गेला ते हळूहळू निघालं. आमच्याकडं पोरं गोळा फेकतात तिथं जमिनीत वाटीएवढे खड्डे पडतात. ओल असताना पडतात, मग वाळून दगडासारखे होतात. ते बुजवायचे असतात. कुणी बुजवत नाही. ही आदल्या दिवशी पळता पळता त्यात गेली, पाऊल आतल्या बाजूला वळलं, अंगाचा भार बाहेरच्या घोट्यावर आला. सरांना कळलं तर नाव कापतील म्हणून बोलली नाही. रात्री हॉस्टेलच्या पोरींनी तिळाचं तेल कढवलं, दाबून दाबून चोळलं, वर विटेचा शेक दिला.

“वीट?”

“कपड्यात गुंडाळून मामा.”

“लई हुशार. आतमधी रक्त सांडलंय, आन् तुम्ही त्याला शेक देऊन राहिलात. ऊब दिली की आणखी सांडतं. चोळलं की फाटलेलं आणखी फाटतं.”

ही चूक आपल्याकडं घरोघर होते, म्हणून सांगतो. घोट्याला हाडं दोरीनं बांधलेली असतात. त्या दोरीला दवाखान्यात लिगामेंट म्हणतात. पाय मुरगळला की ती ताणते, नाहीतर थोडी फाटते, नाहीतर पुरी तुटते. आपण म्हणतो लचकला. फाटल्या कापडाला कुणी चोळतं का? पहिले दोन-तीन दिवस तेल नाही, शेक नाही, आंबेहळदीचा गरम लेप नाही. बर्फ. तोही नुसता कातडीला लावायचा नाही, टॉवेलात गुंडाळून लावायचा, आणि वीस मिनिटांच्या वर ठेवायचा नाही.

पण बर्फाच्या आधी एक गोष्ट बघावी लागते. दोरी गेली की हाड गेलं?

“ऊठ. चार पावलं चाल.”

ती उठली. लंगडत, ओठ चावत चालली. चार पावलं टाकता आलीच नाहीत तर पुढचं काही बघायचंच नाही, सरळ एक्स-रे. हिला आली. मग बसवून बोटानं दाबायला लागलो. घोट्याच्या पुढं दाबलं, “आई गं” म्हणाली. ते होणारच, तिथं दोरी असते. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागं मध्यावर एक हाडाचा उंचवटा असतो, तिथं दाबलं. काही नाही. आतल्या घोट्याला दाबलं. काही नाही. मग बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कडा दाबली. पोरीनं माझा हात झटकला आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

“एक्स-रे,” मी म्हणालो.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. “अहो मामा, चालून राहिली ना ती? फिजूल एक्स-रे कशाला? टेप मारा. क्रिकेटवाले टेप मारून मॅच खेळतात.”

“क्रिकेटवाल्याचं घर भरलेलं असतं सर. हिला काय मिळंल? तुमचं बॅनर?”

“तुम्ही डॉक्टर हायत का?”

“न्हाई. म्हणून तर डॉक्टरकडं नेऊन राहिलो.”

रिक्षा बोलावली. पायाला पुठ्ठा लावून तात्पुरतं बांधलं आणि दवाखान्यात नेलं. सर मोटारसायकलवर मागून आले, कपाळाला आठ्या घालून.

एक्स-रे आला. डॉक्टरांनी उजेडावर धरला, फिरवून बघितला. “फ्रॅक्चर नाही. लिगामेंट अर्धवट फाटलंय. क्रेप बँडेज, बर्फ, पाय उंच. चोळू नका. पळायचं मी सांगितल्यावर.”

मला हाड तडकलं असेल असं वाटलं होतं. नव्हतं तडकलं. सरांना तेवढंच पाहिजे होतं.

“बघा मामा. फोटो काढायची हौस भागली?”

“भागली. उद्या आणखी कुणी तिथं दाबल्यावर असा हात झटकला तर तिलाबी आणीन.”

डॉक्टर हसले. “आणा,” म्हणाले.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करायचं आणि घोट्याच्या वर नडगीपर्यंत न्यायचं. बोटं उघडी ठेवायची. बांधून झालं की नख दाबून सोडायचं. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं तर ठीक. नाही झालं, बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर घट्ट झालंय, सोडून परत बांधायचं. बर्फ ग्राऊंडसमोरच्या रसवंतीवाल्याकडून आणत होतो. तो म्हणायचा, “मामा, रस तरी घ्या कधी.” प्रतीक्षाला गादीची वळकटी करून त्यावर पाय ठेवायला सांगितलं. पाय छातीपेक्षा उंच राहिला पाहिजे, सूज उतारानं खाली येते. पोरी तिला महाराणी म्हणायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी किसन आला. पोरीला बघितलं आणि सरळ माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“जय भीम काका.”

“जय भीम. ये, बस.”

बसला नाही. दाराशी धुरपताच्या चपला होत्या, गावाहून आणलेल्या, त्याची नजर तिकडं. “मावशी गेल्याचं कळलं. येणं झालं न्हाई. नायगावला कामाला होतो तेव्हा माझी उसण मावशींनीच काढली होती. वाकून आलो होतो, सरळ होऊन गेलो.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. धुरपता पायाळू होती. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले की त्या माणसाला पायाळू म्हणतात. पाठीत उसण भरली, कुठं लचक भरली, तर पायाळूचा पाय लावला की उतरते असं लोक मानतात. नायगावला आमच्या दारात माणसं यायची, कमरेला हात लावून. धुरपता नाही म्हणायची नाही. पण आधी विचारायची, “यांना दाखवलं का?” मी दाबून बघायचो. हाडाचं काही वाटलं तर दवाखान्यात पाठवायचो. नसलं तर ती उजवा पाय लावायची, हळूच, आणि त्याच्या घरच्यांची चौकशी करत बसायची. मी हसायचो. ती म्हणायची, “तुमच्या दवाखान्यात कुणी बोलतं का ह्यांच्याशी? मी बोलते. निम्मं तेवढ्यानंच उतरतं.”

“काका,” किसन म्हणाला, “मावशी न्हाईत. पण त्यांची चप्पल तर हाय. एकडाव लावा पोरीच्या घोट्याला. उजवी.”

माझं डोकं फिरलं. ती चप्पल साधी नव्हती. धुरपताला शुगर होती. उजव्या पायाला जखम झाली, भरेना, तेव्हा दवाखान्यातून शुगरवाल्यांची मऊ चप्पल मिळाली. रुंद, वेलक्रोच्या पट्ट्यांची. पाय वाचावा म्हणून. वाचला नाही. गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर ती डावीच घालायची आणि कुबडीवर चालायची. उजवी रोज फडक्यानं पुसायची आणि डावीच्या शेजारी लावून ठेवायची. डावी झिजली, उजवी नवी राहिली. ती गेल्यावर पुसायचं काम माझ्याकडं आलं.

“किसन,” मी म्हणालो, “ज्या पायावर तुझा भरवसा हाय ना, तो तिला स्वतःलाच पुरला न्हाई. कापून नेला तो. आन् तू त्याची चप्पल मागून राहिलास?”

त्याची नजर चपलांवरून हलली नाही.

“आपल्या आज्यांनी धम्म घेतला तेव्हा देव उचलून विहिरीत टाकले. कशासाठी? तू चप्पल पुजावी म्हणून?”

तेव्हा तो बोलला. आवाज चढवला नाही. “देव टाकले काका. दुखणं कुठं टाकावं? पोरगी रडून राहिली तिकडं. तुम्ही बर्फ लावता. मी काय लावू?”

 तरी चप्पल मी दिली नाही.

“तू तिच्यापाशी जाऊन बस,” मी म्हणालो. “वळकटी सरकती तिच्या पायाखालची. ती धर. दिवसभर धर.”

त्यानं धरली. कामावरचा माणूस, रिकामं बसायची सवय नाही, पण पोरीच्या पायापाशी बसून राहिला. रसवंतीवर बर्फ आणायलाही तोच जायला लागला. रसवंतीवाल्याला वाटलं मी माणूस ठेवला.

शनिवारी सर आले. सूज थोडी उतरली होती. सर प्रतीक्षाशी गोड बोलायला लागले. “बेटा, चारशेच मीटर हाय. एक इंजेक्शन घेऊ, दुखणारच न्हाई. टेप मारू. पहिली नको येऊ, नुसती पळ. बॅनर लागलंय गावभर.”

“सर,” मी म्हणालो, “दुखणं हा चौकीदार हाय. इंजेक्शन मारून त्याला झोपवाल, मग चोर कुठून शिरला ते कळायचं न्हाई.”

“मामा, तुम्हाला नोकरी करायची का न्हाई?”

“आधी ती फिजिओची पाटी काढा, मग मला काढा. पाटी खोटी हाय, मी न्हाई.”

“अहो, तुमचं घरी कुणी न्हाई, तुम्हाला काय फिकीर! मला अकॅडमी चालवायचीय.”

हे लागलं. म्हातारा माणूस म्हणून नाही, खरं होतं म्हणून लागलं. “हाव,” मी म्हणालो. “घरी कुणी न्हाई. म्हणून मला भ्यायचं कारण न्हाई. दवाखान्यात जोर करून पळवलेले घोटे मी बघितलेत. दोरी ढिली राहती, मग साध्या रस्त्यावर पाय वळतो, परत परत. असल्या पायानं पोलिसात काय करंल ही? चोराच्या मागं रिक्षानं जाईल?”

प्रतीक्षा आमच्या दोघांकडं बघत होती. मी तिला म्हणालो, “तुझा पाय हाय, तू ठरव. भिंत धर, आन् दुखऱ्या पायावर एकटीनं उभी राहा. मग भिंत सोड.”

तिनं भिंत धरली. चांगला पाय उचलला. भिंत सोडली आणि लगेच परत धरली. घोटा थरथरत होता. तिनं पुन्हा केलं, पुन्हा धरली. किसन उठून उभा राहिला होता.

“सर,” ती म्हणाली, “बॅनर पुन्हा छापता येतंय. घोटा न्हाई. मी न्हाई पळत.”

सर गेले. रविवारी त्यांनी तिला खुर्चीवर बसवून हातात शर्यत सुरू करायची झेंडी दिली. रागानं दिली की मानानं, कळलं नाही. पोरीनं झेंडी मात्र जोरात पाडली. मला कुणी काढलं नाही. पाटीही कुणी काढली नाही.

मग खरं काम सुरू झालं. लोकांना वाटतं सूज उतरली की झालं. झालेलं नसतं. दोरी जुळायला वेळ घेते आणि नुसतं पडून राहिलं तर घोटा गंजतो. दुखणं ओसरलं तसं तिला सांगितलं, बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढ. अ पासून ज्ञ पर्यंत. घोटा सगळीकडं फिरतो. मला काही अक्षरं नीट येत नाहीत. ती पायानं काढायची आणि म्हणायची, “मामा, ओळखा.” मी चुकायचो. ती मास्तरणीसारखी डोळे वटारायची. मग दात घासताना एका पायावर उभं राहायचं. मग टाचा उचलायच्या. मग चालणं.

चालण्यापाशी अडलं. बँडेजवर बूट चढेना. स्लिपरमधून पाय घसरे. हॉस्टेलला जिना होता. एक पडणं आणि सगळं मुसळ केरात.

संध्याकाळी ती भिंत धरत धरत माझ्या दारात आली. बाप सोबत नव्हता.

“मामा, ती चप्पल देता का? मावशीची.”

मी बघितलं तिच्याकडं.

“लावायला न्हाई,” ती म्हणाली. “घालायला.”

 मी उजवी उचलली. पुसलेलीच होती, तरी फडका मारला. वेलक्रो उघडला, चपलेची दोन्ही पानं मोकळी केली, तिचा बांधलेला पाय आत घेतला आणि वरून पट्टा लावला. चप्पल जशी काही बँडेजसाठीच शिवलेली. डाव्या पायात तिचा स्वतःचा बूट. एकीकडं बूट, एकीकडं म्हातारीची चप्पल, अशी ती जिन्याकडं गेली, कठडा धरून, एक एक पायरी. मी मागं वळलो तर दारात डावी एकटी होती. त्या रात्री खोलीत त्या चपलेकडं पाठ करून झोपलो.

डॉक्टरांनी बघून हो म्हटलं तेव्हा तिनं पळायला सुरुवात केली. आधी सरळ रेषेत हळू, मग वळणावर, आणि शेवटी जोरात. गोळ्याचे खड्डे किसननं बुजवले. खाडा करून आला, घमेलं आणि माती ठोकायची धुम्मस घेऊन, आणि अख्खं ग्राऊंड फरशीसारखं करून गेला. सर म्हणाले, “असं आधीच करायला पाहिजे होतं.” जसं काही आम्हीच अडवलं होतं.

ग्राऊंडच्या दिवशी मी मैदानाच्या बाहेर, फाटकापाशी. आत सोडत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा तोंड लाल झालेलं, हातात दोन्ही बूट. आधी मी तिचा घोटा बघितला. नंतर तोंड बघितलं. “निघालं मामा,” ती म्हणाली. तिचं स्वतःचं सगळ्यात चांगलं टायमिंग आलं नव्हतं. पण पुरेसं आलं. पुढं लेखी झाली आणि यादीत नाव आलं.

किसन पेढे घेऊन आला. चप्पल एका नव्या पिशवीत घालून आणली होती. बाहेर काढली तर ओळखू येईना. तळ घासलेला, टाच एका बाजूला दबलेली, कडेला ग्राऊंडची माती. मी ती डावीच्या शेजारी ठेवली. दोघी एका जोडातल्या वाटल्या, धुरपताचा पाय गेल्यापासून पहिल्यांदा.

“धुऊन देणार होतो काका.”

“राहू दे. तशीच राहू दे.”

पण त्याचं तोंड काही थांबलं नाही. हिमायतनगरला जाऊन त्यानं सांगितलं, मावशीच्या चपलेनं पोरगी पोलीस झाली. बर्फाचं नाव नाही, एक्स-रेचं नाव नाही, पोरीनं अंगठ्यानं काढलेल्या बाराखडीचं नाव नाही. आता दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी येतं, कमरेला नाहीतर गुडघ्याला धरून, आणि म्हणतं, चप्पल लावता का. सर त्यांना ‘फिजिओ’च्या पाटीकडं बोट दाखवतात.

आधी मी हाकलून द्यायचो. आता नाही हाकलत. परवा एक जण उजवा घोटा सुजवून आला. मी त्याला बसवलं, घरच्यांची चौकशी केली आणि बोलता बोलता हाड दाबून बघितलं. नाही दुखलं.

“मग चप्पल लावता का काका?”

मी उजवी त्याच्यापुढं टाकली. “लावायची न्हाई. घाल. आन् माझ्यासमोर चार पावलं चालून दाखव. चालता आलं तर बर्फ घेऊन घरी जा, पाय उंच ठेव. न्हाई आलं तर रिक्षा बोलावतो.”